नांदेडला कळवायची बातमी

लातूर, मार्गशीर्षातला रविवार

संपादकांना दिवाळीआधीच शब्द दिला होता. इतके दिवस गप्प राहिलो, क्षमा असावी. सवड नव्हती हे खरे, पण पूर्ण खरे नाही. डॉ. माधवराव बारडकर सरांविषयी लिहायला बसलो की आदराच्या आधी हेवा वर येतो, आणि त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात तो कुठे ठेवावा हे कळत नव्हते.

सरांची ओळख नांदेडला, मी शिकाऊ डॉक्टर असताना झाली. हदगावकडच्या एक बाई आतड्याला भोक पडून आल्या होत्या. काही औषध चालू आहे का, हे आम्ही सगळ्यांनीच विचारले होते. उत्तर एकच, "न्हाई." सर खाटेशी बसले आणि बाईंच्या उशाशी असलेल्या थैलीकडे बोट दाखवून म्हणाले, "मावशी, थैली रिकामी करा बघू इथं." कंगवा निघाला, तंबाखूची डबी निघाली आणि कागदाच्या पुड्या निघाल्या.

"हे काय?"

"ते औषध न्हाई सायेब, गुडघ्याच्या पुड्या हायेत. लई दिसापासून घेऊन राहिले."

अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने प्रतिकारशक्ती दबते आणि शिवलेले आतडे नीट जुळून येत नाही. सरांनी आतडे लगेच जोडले नाही. त्याचे तोंड पोटावर काढून मळासाठी पिशवी लावली, जोडणी पुढे ढकलली. बाई बऱ्या होऊन गावी गेल्या. ती थैली आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. मला ती का दिसली नाही, हे अजून टोचते.

सध्या इथे लातूरला माझ्या वॉर्डात असलेल्या औशाच्या शकीलाआपा शिवणकाम करतात. त्यांना भावाचे मूत्रपिंड बसवले आहे. ते टिकावे म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या रोज घ्याव्याच लागतात, आणि त्याच गोळ्या आतड्याचा सांधा भरू देत नाहीत. पीळ पडून कुजलेला आतड्याचा तुकडा मी मागेच काढला होता आणि पोटावर पिशवी लावली होती. या आठवड्यात आतडे पुन्हा जोडायचे होते. आपा म्हणाल्या, "शिवा तुम्हीच, डॉक्टरसाब. तुमच्या शिलाईवर भरोसा हाय, पर माझं कापड कच्चं हाय ना. नांदेडचे सर बाजूला उभे पायजेत."

मी फोन केला. सरांनी नाही म्हणावे, असे मनातून वाटत होते. ते म्हणाले, "मी कशाला? तुझा टाका माझ्यापेक्षा बारीक पडतो." इतक्या सहज दिलेल्या कौतुकाचाही मला हेवा वाटला, मला ते कुणाला असे देता येत नाही. मग म्हणाले, "ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस. या गोळ्यांवर सांधा गळला तरी ताप येईलच असं नाही. नाडी बघ, आणि स्वतः बघ."

सर नांदेडलाच राहिले; त्यांचे बोलणे सांगितल्यावर आपा तयार झाल्या आणि जोडणी मी केली. तेव्हापासून येता-जाता आपांचे मनगट धरतो. आज दुपारी नाडी शांत होती, पोट मऊ होते. एवढ्यात त्यांचा भाऊ वॉर्डभर ऐकू जाईल असा ओरडला, "डॉक्टरसाब, आपाला वारा सरला!"

"गप बैस की, गावात दवंडी देतो का?" आपा लाजल्या. मग मला म्हणाल्या, "नांदेडच्या सरांना कळवा हां. वाट बघून राहिले असतील."

टाके माझे, पण खबर नांदेडला.

धोका अजून पुरता टळलेला नाही, पण आतडे चालू झाले आहे. सरांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. यात माझाही स्वार्थ आहे: ते आहेत तोवर माझा हात सैल पडणार नाही.

उद्याचे काम: आपांची नाडी पाहून सरांना फोन करणे.