बिनकठड्याचा स्लॅब आणि पन्नासची लेन्स

मी एक पाऊल मागे टाकलं आणि मागे काही नव्हतं.

डोळा कॅमेऱ्यालाच होता. म्हणून पडताना दिसलं ते एवढंच, की फोटोतली माणसं खाली सरकली आणि वर नुसतं आभाळ आलं. मग रेती. बांधकामाची रेती खाली टाकलेली होती, तिनं डोकं वाचवलं. मांडी मात्र शेजारच्या विटांवर आदळली. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला, वाळकी काडी मोडावी तसा. कॅमेरा हातातून सुटला नाही, पण लेन्स सळईवर आपटली आणि तिची काच तडकली. वर स्लॅबच्या कडेला मुलगा, सून आणि नणंद वाकून बघत होते. मुलाचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. परत पाहायचाही नाही.

हुडकेश्वरला मुलाच्या घराचं बांधकाम चाललं होतं. पहिल्या मजल्याचा स्लॅब पडला होता, सिमेंट पक्कं व्हावं म्हणून त्यावर पाणी साठवून ठेवलं होतं, कठडा अजून व्हायचा होता. सगळे वर जमलेच आहेत तर एक फोटो काढावा म्हटलं. माझ्याकडे मुलीचा जुना कॅमेरा आणि त्यावर पन्नासची लेन्स. पन्नासची लेन्स चेहरा छान काढते, पण ती फिरवून जवळचं-दूरचं करता येत नाही. जास्त माणसं हवी असली तर आपणच मागे जायचं. मी त्यांना जवळ सरका म्हणत होते. नणंद म्हणत होती पाण्यात साडी ओली होते. कोणी सरकलं नाही, मग मी सरकत राहिले. सून कडेला होती. ती म्हणाली, "आई, मले नका कापू."

माझ्या लग्नाच्या फोटोत मी दिसत नाही, दिराचं डोकं दिसतं. म्हणून कोणी कापू नका म्हटलं तर मी कापत नाही. आणखी एक पाऊल मागे गेले.

दवाखान्यात मांडीत सळई घातली. घरी आले तेव्हा कॅमेरा टॉवेलात गुंडाळून आलमारीवर गेला होता. तिथं माझा हात पोचत नाही हे मुलाला ठाऊक होतं. मोबाईलवर काढ म्हणाला, मोबाईलमध्ये सगळं मावते. त्याला किती वेळा सांगितलं, मोबाईल माझं बोट ओळखत नाही. भिवापूरला लहानपणापासून मिरचीचे देठ खुडले, लग्नानंतरही खुडले. बोटांची टोकं गुळगुळीत झाली. आधारच्या मशीनवर अंगठा उमटत नाही, मोबाईलवर बोट चालत नाही. कॅमेऱ्याला बटण असतं. दाबलं की दबतं.

नणंद बघायला आली. माझ्याहून लहान आहे, पण बोलायला मोठी. पलंगाशी बसून संत्री सोलता सोलता म्हणाली, "वयनी, हे वय माळ जपायचं. काहून करतं वं हे? फोटोच्या नादात मरशील एक दिवस."

"मग तू बिनफोटोची मर," मी म्हटलं.

तिनं संत्र्याच्या फोडी माझ्यापुढे ठेवल्या.

मुलगा फारसं बोलणारा नाही. एकदा जेवताना म्हणाला, "आई, मी तुले पडताना पाहिलं. मले पुन्हा नाही पाहायचं."

"तर नको पाहू," मी म्हटलं. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही. पलंगावर पडून भिंत बघायची, आणि तेही माझ्याच भल्यासाठी, हे मला मंजूर नव्हतं. पाय मोडला होता. डोळे धड होते.

काठीवर चालायला लागले तेव्हा सुनेनं एका दुपारी स्टुलावर चढून कॅमेरा खाली काढला. त्या दिवशी 'मले नका कापू' म्हटल्याची तिला टोचणी होती, बोलून दाखवत नव्हती. मुलगा कामावर होता. ऑटो करून आम्ही दोघी सदरला गेलो, कॅमेऱ्याच्या दुकानात, तडकलेलीच्या जागी नवी लेन्स बघायला.

दुकानदारानं खुर्ची दिली आणि एक मोठी फिरवायची लेन्स लावून दिली. "आजी, ही एक घेतली की दुसरी लागतच नाही. जवळचं, दूरचं, सगळं यातच." खोटं नव्हतं. खुर्चीत बसल्या बसल्या मी त्याचं आख्खं काउंटर घेतलं आणि लगेच दारातल्या चौकीदाराच्या मिशाही घेतल्या. सून म्हणाली हीच घ्या.

मग मी उठले. एका हातात काठी. दुसऱ्या हातात कॅमेरा, तो त्या लेन्सच्या वजनानं खाली झुकायला लागला.

"आता फिरवा," दुकानदार म्हणाला.

"फिरवायले तिसरा हात कुठून आणू गा?"

तो हसला, म्हणाला बसून काढा मग. बसून काढायचं असतं तर ऑटोचा त्रास कशाला घेतला असता, मी म्हटलं. पोरगा चांगला होता, चिडला नाही. थोडा विचार केला आणि ड्रॉवरमधून बिस्किटाएवढी चपटी लेन्स काढली. ही चोवीसची, म्हणाला. हिला फिरवायचं काही नाही, वजन नाही, खोलीभर माणसं मावतात. पण नुसता चेहरा पाहिजे तर तुम्हालाच जवळ जावं लागेल. आणि कडेचा माणूस जरा रुंद येतो.

मी एका हातानं सुनेचा फोटो काढला. काउंटरसकट आली. मी जागची हलले नव्हते.

सुनेनं विचारलं, आई, दूरचं काही काढायचं झालं तर? दूरच्याशी माझं काही काम नाही, मी म्हटलं. ज्याचा चेहरा पाहिजे त्याच्याजवळ मी चालत जाईन. पुढे काय आहे ते दिसतं तरी.

मुलाला संध्याकाळी कळलं. तो बायकोवर ओरडला. मी कॅमेरा उशाशी ठेवला. आलमारीवर परत ठेवायचा असेल तर माझ्या देखत ठेव, एवढं सांगितलं. त्यानं ठेवला नाही.

वास्तूच्या दिवशी मी पुन्हा त्याच स्लॅबवर गेले. आता कठडा होता. मी मधोमध काठी टेकून उभी राहिले आणि सगळ्यांना समोर उभं केलं. मुलगा फोटोत यायला तयार नव्हता. माझ्या मागे येऊन उभा राहिला. समोर जा म्हटलं, गेला नाही. म्हणून फोटोत तो नाही. नणंद कडेला होती. पदर सारखा करत म्हणाली, "वयनी, मले नको कापू."

कापली नाही. पूर्ण आली.

दिवाळीनंतर नणंद गेली. रात्री जेवून झोपली, सकाळी उठली नाही. कुठूनही पडली नव्हती. तिच्या घरच्यांना हार घालायला धड फोटो सापडेना, शेवटी माझ्या कॅमेऱ्यातलाच नेला. चेहरा जरा रुंद आला आहे, कडेला उभी होती म्हणून. हार घातला की कळत नाही.

स्लॅबवरून पडले ती मी. मी अजून आहे.