चिपवरची विभूती

चिकटपट्टीनं स्फटिकाचे थर सोलत बसायचं, हे माझं संशोधन. लोकांना हसू येतं, येऊ दे! सोलता सोलता अणूंचा एकच थर उरला, तरच लेझर टाकल्यावर लाल उजेड नीट पडतो. वर्षभर सोलून मला असा एकच तुकडा मिळाला होता. नखाएवढ्या चिपवर, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. अतिथंड तापमानात त्याचं मोजमाप हैद्राबादच्या यंत्रावर व्हायचं होतं आणि माझी पीएचडी त्यावर अडलेली.

वाटेत उमरग्याला घरी उतरले, कारण अप्पांना लकवा मारला होता. वाचा गेलेली, डावा हात तेवढा हलायचा.

"त्यांला दाखव की, काय करतीस ते," आई म्हणाली. "लई वाट बघितली त्यांनी."

मी चिपची डबी उघडून त्यांच्या छातीवर ठेवली. "अप्पा, लेझर पडला की इलेक्ट्रॉन आपली जागा सोडतो. मागं रिकामी जागा राहते. पण दोघं एकमेकांना सोडत नाहीत, जोडीनंच फिरतात. तो परत त्या जागेत पडला की उजेड येतो."

"आन् त्यो परत न्हाय आला तर?" आईनं विचारलं.

"मग अंधार."

मी औषध काढायला वळले. आमच्या घरात सायकल असो, फ्रीज असो, माझी दहावीची पुस्तकं असोत, अप्पांनी विभूतीची तीन बोटं ओढल्याशिवाय नवी वस्तू वापरायची नाही. विभूती उशाशीच होती. परत वळले तर चिपवर, डबीवर, सगळीकडं पांढऱ्या रेघा. डाव्या हातानं ओढलेल्या, वाकड्या. आयुष्यात त्यांनी डावा हात विभूतीला लावला नव्हता.

"अहो अप्पा!" मी ओरडलेच. असा राग आला, असा आला, की डबी भिंतीवर फेकावी. अप्पा अर्ध्या तोंडानं हसत होते. एक काम उरकलं, असं.

तरी हैद्राबादला गेले. पुसायला जावं तर तुकडाच निघून येईल, म्हणून चिप तशीच यंत्राखाली ठेवली. लेझर टाकला. लाल उजेडाचा ठिपकासुद्धा नाही. तिथंच घरून फोन आला.

आमच्यात माणसाला बसवून पुरतात. अप्पांना बसवलं होतं. आईनं हळूच विचारलं, "उजेड पडला व्हता का गं?"

"न्हाय, आई."

मी विभूती घेतली आणि अप्पांच्या कपाळावर तीन बोटं ओढली. मागून कुणीतरी बाई म्हणत होती, "अगं उजव्या हातानं, उजव्या!" मी ऐकलं नाही.