वासतात्या आणि पेट्रोलचं औषध

वासतात्यांचा जगात एकाच गोष्टीवर विश्वास होता, स्वतःच्या नाकावर. सौदीतल्या यान्बूच्या आमच्या कॅम्पात ते पाइप फिटरांचे फोरमन, मूळचे गुहागरकडचे. दुधाचं पाकीट, मेसमधली डाळ, नवा साबण, सगळं आधी नाकाशी जायचं. एकदा मी हौसेनं नवा शर्ट दाखवला, तर त्याचाही वास घेऊन म्हणाले, "सेलमधला दिसतोय." होता सेलमधलाच.

माणसांवर तर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. "तू म्हणतोस म्हणून मी कशाला मानू? मला नाक आहे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पेट्रोल पंपावर ते गाडीतून उतरून मीटरवरचं शून्य बघत उभे राहायचे. तिथला बांगलादेशी भाई त्यांना पाहिलं की "चाचा आ गया" म्हणत आधी मीटरची काच पुसायचा.

सुट्टीवर जाताना गाडीची किल्ली रूममेटकडे द्यायची, ही आमच्या कॅम्पाची रीत. परत आल्यावर सीटखाली खजुराच्या बिया सापडतात आणि कोणी कबूल होत नाही. तात्या त्या भानगडीत पडत नसत. त्यांची जुनी पांढरी गाडी शेडखाली झाकलेली असायची, दारांना आणि टाकीच्या झाकणाला चिकटपट्टी. परतल्यावर सामान खोलीत टाकायच्या आधी ते पट्ट्या तपासून यायचे.

त्या उन्हाळ्यात मात्र मला तात्यांचाच संशय येऊ लागला. एका सकाळी मेसमधलं दूध नासलेलं होतं. चहा तोंडाशी नेताच मी कप खाली ठेवला. तात्या निवांत घोट घेत होते. "पीत का नाहीस रे?" मलाच विचारलं. त्याआधी त्यांनी मेसचं दूध तीनदा परत पाठवलं होतं, केवळ वासावरून.

सुट्टीवर निघायच्या आधीच्या शुक्रवारी ते एक बाटली घेऊन आले. फ्युएल स्टॅबिलायझर. थंड मुलखात लोक हिवाळाभर गाडी झाकून ठेवतात, तेव्हा टाकीतलं पेट्रोल बिघडू नये म्हणून हे औषध घालतात. मला हसूच फुटलं.

"तात्या, आपण रिफायनरीत राबतो आणि पेट्रोलला औषध?"

"हसतोस काय मेल्या? पेट्रोल उभं राहिलं की शिळं होतं. आणि इथला उन्हाळा!"

"पण दोन महिन्यांत कसलं शिळं होतंय?"

तात्यांनी बाटलीचं बूच काढलं आणि ती माझ्यापुढे धरली. "जरा वास घेऊन सांग रे. बरोबर आहे ना माल?"

माझं हसू तिथंच थांबलं. "तात्या, तुम्हाला वास येत नाही?"

"हळू बोल!" त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "रमजानपासून गेलाय. चिपळूणला डॉक्टर बघून ठेवलाय. इथे कोणाला बोललास तर याद राख."

भीती खरी होती. प्लँटमध्ये गॅस गळला तर आधी नाकाला कळतो. नाक गेलेल्या फोरमनला कोण ठेवून घेईल? कळलं की खलास, कायमचं घरी. "मला अजून काम करायचंय रे," ते म्हणाले. मी म्हटलं, निघेपर्यंत पाइपलाइनवर पाऊल टाकायचं नाही. त्यांनी मुकाट्यानं मान हलवली, यानंच मी जास्त घाबरलो.

औषध टाकीत ओतून आम्ही पंपावर गेलो, टाकी गच्च भरली आणि परतताना मुद्दाम लांबून आलो, म्हणजे ते इंजिनपर्यंत पोचेल. बॅटरीची वायर काढली, गाडी झाकली. मग तात्यांनी किल्ली चक्क माझ्या हातात दिली. "चालवायची नाही. फक्त लक्ष ठेव." एवढं बोलून पट्ट्या लावल्याच.

सुट्टी लांबत गेली. थंडी पडायला लागली तेव्हा फोन आला.

"वास काही परत येत नाही म्हणतोय डॉक्टर. मग मी तरी येऊन काय करू? गाडी बघ जरा."

फोन कानाला धरूनच मी शेडखाली गेलो. टाकीवरची पट्टी सोलली, झाकण उघडलं आणि वाकून वास घेतला, अगदी त्यांच्यासारखा, डोळे मिटून.

"आत्ता पंपावर भरल्यासारखं आहे, तात्या."

आता ते माझी उलटतपासणी घेतील म्हणून मी वाट पाहत होतो. घ्यावी, असं फार वाटत होतं.

"थांबा, बॅटरी जोडतो," मी म्हटलं. "इंजिनाचा आवाज तुम्हीच ऐका."

"नको रे," तात्या म्हणाले. "तू म्हणतोस म्हणजे चांगलंच असणार. चालव आता तूच."