कोरेट्टनची कात्री

नाणूला विडी वळता येत नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढं तो कादंबरीकार झाला म्हटल्यावर लोक म्हणणार, सरस्वती याच्या जिभेवर जन्मापासून नाचत असणार. छे हो! तलश्शेरीच्या अलीकडे रस्त्याकाठी जी विड्यांची शेड आहे, तिथं तो पोटापाण्यासाठी येऊन बसला. मांडीवर सूप घेतलं, टेंभुर्णीचं पान कापलं, तंबाखू भरली, गुंडाळलं, दोरा बांधला. ती विडी ज्यानं ओढली त्यानं दुसऱ्याच झुरक्याला तोंडात आलेली तंबाखू थुंकली आणि नाणूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

शेडमध्ये सगळ्यांत थोरला कोरन. त्याला सगळे कोरेट्टन म्हणत, म्हणजे आपल्याकडे अण्णा म्हणतात तसं. त्यानं नाणूच्या सुपातली एक विडी उचलून उजेडात धरली.

"लेका, ही विडी आहे का बाळाचं दुपटं?"

नाणूनं सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"शाळा किती शिकलास?"

"दहावी."

"मग हात राहू देत, तोंड चालव. त्या उंच स्टुलावर बस आणि वाच."

तिथली ती रीतच. विडी वळणाऱ्याचे हात गुंतलेले, कान मात्र दिवसभर रिकामे. रिकाम्या कानात चहाड्या शिरण्यापेक्षा चार बऱ्या गोष्टी शिराव्यात, म्हणून एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. सकाळी वर्तमानपत्र, दुपारनंतर कादंबरी, आणि शुक्रवारी लांबच्या कोट्टयमहून येणारं साप्ताहिक. वाचणाऱ्याला मालक दमडी देत नसे. प्रत्येक जण आपल्या विड्यांतल्या थोड्या त्याच्या नावावर टाकायचा, तोच त्याचा पगार. तर असा नाणू कोरेट्टनच्या कृपेनं स्टुलावर चढला, आणि गडी वाचायला लागला की खरोखर ऐकत राहावं असं वाचायचा.

या श्रोत्यांना टाळ्या वाजवायची सोय नव्हती. हात मोकळे कुठं होते? पण शेडभर पानं कापणाऱ्या कात्र्यांचा आवाज चालायचा, कचक-कचक, कचक-कचक. गोष्ट काळजाला भिडली की एकेक कात्री थांबायची. थांबली म्हणजे विड्या कमी झाल्या, मजुरी बुडाली. म्हणून कुणी उगाच थांबत नसे. माधवी एच्ची, म्हणजे आपल्याकडची माधवीताई, तर एकदा संध्याकाळी नाणूच्या अंगावर धावून गेली होती, "मेल्या, तुझी ती राजकन्या वारली आणि माझं अर्धं सूप रिकामं राहिलं! आता कालवणाला मीठ काय ती आणून देणारे?" यापेक्षा मोठी शाबासकी त्या शेडमध्ये नव्हती.

एक कात्री मात्र कधीच थांबली नाही. कोरेट्टनची. राजा मरो, राणी पळून जावो, आंधळ्या आईला मुलगा पुरात सापडो, त्याचं आपलं कचक-कचक चालूच.

आता इतकी वर्षं दुसऱ्याच्या कादंबऱ्या वाचल्यावर माणसाला वाटणारच, की यात काय मोठंसं, हे तर मीही लिहीन. नाणूलाही वाटलं. त्यानं लिहिली आणि कोट्टयमच्या साप्ताहिकानं चक्क घेतली. दर शुक्रवारी एक प्रकरण. पहिलं छापून आलं त्या दिवशी शेडमध्ये चहा आणि केळ्याची भजी झाली. चात्तुकुट्टी हा शेडमधला चहाटळ. तो उभा राहिला आणि म्हणाला, "आता आपले थोर साहित्यिक नाणू यांनी आम्हां अडाण्यांना सांगावं, की लेखकाला प्रेरणा कुठून येते?"

नाणूनं डोळे मिटले. मागल्याच महिन्यात तो तलश्शेरीला वाचनालयाच्या समारंभाला गेला होता आणि तिथल्या पाहुण्यांचं भाषण त्याच्या अंगात अजून होतं. "प्रेरणा ही वाऱ्यासारखी असते," तो म्हणाला. "ती बोलावून येत नाही. मावळतीला मी समुद्रावर एकटाच बसतो. लाटा येतात, जातात. आणि एकाएकी आत, अगदी खोल, एक कळ उठते..."

"ओवा खात जा," माधवी एच्ची म्हणाली.

"आणि मावळतीला समुद्रावर?" कोरेट्टननं पानावरची नजर न काढता विचारलं. "तिथं त्या वेळेला गावातले लोक कशाला जातात ठाऊक आहे ना? बघून बस हो बाबा."

शेड हसून लोळली. नाणूही हसला, पण त्याला ते लागलं. लेखक झालेल्या माणसाची कातडी पहिल्या प्रकरणालाच पातळ होते, काय करणार!

कादंबरी सुरू राहिली. नायिकेचं नाव विलासिनी. ही बाई पहिल्या पानावर रडायला लागली ती थांबायचं नावच घेईना. प्रियकर दूर गेला म्हणून रडली, पत्र आलं म्हणून रडली, चंद्र उगवला म्हणून रडली. नाणू स्टुलावरून आपलंच लिखाण आवाजात कंप आणून वाचायचा आणि मधूनच कान टवकारायचा. कात्र्या? जोरात! एकही थांबेना. उलट शुक्रवारी शेडमधून माल जास्त निघायला लागला.

"मालकानं नाणूला बोनस द्यायला हवा," चात्तुकुट्टी म्हणाला. "विलासिनी आल्यापासून कुणाचं लक्षच विचलित होत नाही."

मग कोट्टयमहून संपादकाचं चार ओळींचं पत्र आलं. वाचकांची पत्रं लोणच्याच्या सदराला येतात, विलासिनीला येत नाहीत. येत्या काही प्रकरणांत लोकांना रडवा, नाहीतर तिचं लग्न लावून कादंबरी आटपा.

नाणूच्या तोंडचं पाणी पळालं. कादंबरी अर्ध्यात आटपली तर पुन्हा त्याला कोण विचारणार? त्यानं विलासिनीमागे संकटांचा ससेमिरा लावला. क्षय झाला, घर वाहून गेलं, भाऊ तुरुंगात गेला, आई वारली. वाचताना त्याचा स्वतःचा घसा बसला. कात्र्या कचक-कचक.

शेवटी त्यानं अंक मिटला आणि विचारलं, "तुम्हां लोकांना काळीज आहे की नाही?"

कोरेट्टन म्हणाला, "आहे की. पण तुझी ती पोरगी आम्हाला वावच देत नाही. सगळं रडायचं काम तिनंच करून टाकलं. आमच्या वाट्याला काय ठेवलंस?"

लोक हसले, आणि इथं नाणूचा तोल गेला. "तुम्ही नका बोलू, कोरेट्टा! तुमची कात्री आजवर कशाला थांबलीय? चीरू एच्ची गेली तेव्हाही विधी उरकून इथं येऊन बसलात आणि कापत सुटलात. तुम्हाला काय कळणार रडणं!"

 चीरू म्हणजे कोरेट्टनची बायको. जन्मभर त्याच्या शेजारच्या चटईवर बसून तिनं विड्या वळल्या होत्या. ती जाऊन वर्ष होत आलं होतं आणि तिच्या चटईवर अजून कुणी बसत नव्हतं. शब्द तोंडातून गेला आणि नाणूला कुठं तोंड लपवू असं झालं.  कोरेट्टननं पुढचं पान घेतलं.

जेवायची सुट्टी झाली. नाणू डबा न उघडताच स्टुलावर बसून राहिला. स्टुलावरून त्याला सगळी शेड दिसायची, कोरेट्टनही दिसत होता. कोरेट्टननं डबा उघडला. भात होता, वर तळलेला बांगडा. त्यानं बांगड्याचे दोन तुकडे केले. डोक्याकडचा तुकडा झाकणावर ठेवला आणि झाकण शेजारच्या रिकाम्या चटईवर सरकवलं. मग शेपटीकडचा तुकडा घेऊन जेवायला लागला. चीरूला डोकं आवडायचं. जेवण झाल्यावर शेडमधलं मांजर यायचं आणि तो तुकडा खायचं. वर्षभर हे रोज चाललं होतं. रोज सगळे बघत होते आणि कुणी त्यावर थट्टा करत नव्हतं, अगदी चात्तुकुट्टीसुद्धा. मांजर मात्र चीरूच्या जिवावर चांगलं गुबगुबीत झालं होतं.

नाणूनंही हे रोज पाहिलं होतं. पण आज त्याला ते दिसलं.

घरी जाऊन त्यानं एका बैठकीत प्रकरण लिहून काढलं. कळ नाही, चंद्र नाही, समुद्र तर नाहीच. सकाळी उठून पाकीट टपालात टाकलं, आणि टाकल्यावर अक्कल आली. अरे देवा, हे छापून येणार! आणि छापून आलं की शुक्रवारी स्टुलावर बसून, कोरेट्टनच्या समोर, आपल्यालाच वाचावं लागणार! ज्या माणसानं हाताला धरून आपल्याला भाकरीला लावलं, आधी त्याला चारचौघांत टाकून बोललो, आणि आता त्याचं ताट उचलून बाजारात मांडलं. पेटीत हात घालून पाकीट काढता येतं का, हेसुद्धा त्यानं बघितलं. पोस्टमननं हाकललं.

तो शुक्रवार आलाच. नाणूनं सकाळी जाहीर केलं, "आज अंक आला नाही."

"आला नाही कसा?" माधवी एच्ची म्हणाली. "बस थांब्यावर टांगलेला पाहिला मी. हा बघ, घेऊनच आलेय." आणि तिनं पदरचे पैसे घालून आणलेला अंक त्याच्या हातात ठेवला. कपाळमोक्ष!

नाणू वाचायला लागला. आवाजात कंप आणायची आज गरज नव्हती, तो आपोआप येत होता. मनाशी त्यानं ठरवलं होतं की नेमकी ती जागा आली की बांगड्याच्या ऐवजी केळं म्हणायचं. केळ्याचेही दोन तुकडे होतात, कोणाला कळतंय! ती जागा आली. त्यानं अंकावरून नजर उचलली. कोरेट्टन खाली मान घालून कात्री चालवत होता. केळं काही जिभेवर येईना. जे छापलं होतं तेच त्यानं वाचलं:

"विलासिनीचे वडील जेवायला बसले. त्यांनी बांगड्याचे दोन तुकडे केले. डोक्याकडचा तुकडा शेजारच्या रिकाम्या पाटावर ठेवला आणि उरलेला आपण खाऊ लागले. विलासिनी पाणी घेऊन दारात आली होती. ती तिथंच थांबली. त्यांचं जेवण होईपर्यंत ती आत गेली नाही."

माधवी एच्चीची कात्री थांबली. चात्तुकुट्टीची थांबली. मग भिंतीकडच्यांच्या, दाराकडच्यांच्या, सगळ्या एकामागून एक थांबत गेल्या. इतक्या वर्षांत नाणूनं ती शेड इतकी शांत कधी ऐकली नव्हती. ज्यासाठी त्यानं जिवाचा आटापिटा केला होता ते झालं होतं, आणि त्याला त्याचा काडीचाही आनंद होत नव्हता. कारण एक कात्री चालूच होती. कचक-कचक, कचक-कचक.

त्यानं धीर करून तिकडं पाहिलं. कोरेट्टनच्या हातात पान नव्हतं. सुपातली कापायची पानं कधीच संपली होती. तो नुसतीच कात्री चालवत होता.

जेवायची वेळ झाली तेव्हा डबे फार जपून उघडले गेले. सगळे आपापल्या भातात बघत होते. कोरेट्टननं डबा उघडला, बांगड्याचे दोन तुकडे केले आणि डोक्याकडचा झाकणावर ठेवला. मांजर सवयीनं येऊन बसलं.

"नाणू, इकडं ये."

नाणू स्टुलावरून उतरला. शिव्या खायची त्याची तयारी होती. कानफटात बसली असती तरी त्याला बरंच वाटलं असतं.

"बस," कोरेट्टन म्हणाला, आणि चीरूची चटई दाखवली.

"कोरेट्टा, मी... त्या दिवशी मी..."

"बस म्हणतो ना!"

नाणू अंग चोरून चटईच्या काठावर टेकला.

"जन्मभर म्हणायची, मला एकदा कुठंतरी लांब घेऊन चला," कोरेट्टन म्हणाला. "माझ्यानं तिला तलश्शेरीच्या पुढं नेणं झालं नाही. तू पार कोट्टयमला नेऊन आणलंस." त्यानं झाकण नाणूच्या पुढं सरकवलं. "घे. आता तिच्या वाटचं तूच खा. मांजर फार माजलंय."

नाणूनं तुकडा मोडून एक घास तोंडात घातला.  विलासिनीला पानोपानी रडवणारा तो माणूस, त्याला स्वतःचं नाक पुसायलाही सुचेना. झाकणातल्या उरलेल्या मासळीवर त्याची आसवं टपटप पडत होती आणि सगळी शेड ते बघत होती.

"ए, पुरे," कोरेट्टन त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला. "सगळं तूच रडलास तर आमच्या वाट्याला काय ठेवशील?"

सुट्टी संपली, पुन्हा काम सुरू झालं. त्या दुपारी कोरेट्टनची कात्री सुपात तशीच पडून राहिली, आणि त्याच्या वाटच्या विड्या सगळ्यांनी मिळून वळल्या.