आलेखातले चार कोरे दिवस

त्या बाई पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढून आल्या, तो दिवस अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पुण्यातल्या एका संस्थेत त्या रोगप्रतिकारशास्त्राच्या संशोधक होत्या. तक्रार काय, तर प्रयोगाची वही चोरीला गेली. ठाणे अंमलदार गालातल्या गालात हसला. "वहीच ना? दुसरी घ्या की."

"तुमची स्टेशन डायरी हरवली तर दुसरी घ्याल का?" बाईंनी शांतपणे विचारलं. मी त्यांना आत बोलावून चहा मागवला.

लस टोचलेल्या उंदरांवरचा त्यांचा शोधनिबंध गाजला होता. परदेशातले शास्त्रज्ञ आपापल्या लेखांत त्याचा हवाला देत. त्याला सायटेशन म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. "म्हणजे साक्षीदारच की हो!" मी म्हणालो. बाई पहिल्यांदा हसल्या. पण हवाले वाढले तसे त्यांच्या विभागप्रमुखांचे डोळे फिरले. प्रयोग माझा, हिने आयता लाटला, असं ते म्हणू लागले. पुरावा म्हणून त्यांनी स्वतःची वही पुढे केली आणि बाईंची नेमकी त्याच आठवड्यात गायब झाली. शनिवारी चौकशी समिती बसणार होती. वही सापडली नाही तर बाईंची नोकरी जाणार होती आणि निबंधावरचं नावही.

मी प्रमुखांना भेटलो. त्यांनी आपली वही माझ्यापुढे सरकवली. "बघा, पण आपल्याला यातलं काही कळायचं नाही."

विज्ञान मला कळत नव्हतं, वही कळत होती. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच शाई, एकच वळण, खाडाखोड म्हणून नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही आठवडाभराची डायरी अशीच एका बैठकीत उरकली होती. आमच्या वरिष्ठांनी ती नुसती चाळली आणि विचारलं, "आठवडाभरात तुला एकदा शिंकसुद्धा आली नाही का रे?" शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. काय माणसं होती ती! पण शंका म्हणजे पुरावा नव्हे, हेही त्यांनीच शिकवलेलं.

दुसऱ्या दिवशी मांजरी गावचे एक काका ठाण्यात आले. संस्थेतले उंदीर तेच सांभाळायचे.

"साहेब, बाई खऱ्या हायत. रोज सकाळी स्वतः वजनं घ्यायच्या. मोठं साहेब उंदरांच्या खोलीत कधी आलंच न्हाईत."

"काका, याला पुरावा काय?"

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. "मधी चार दिस खोली फवारणीसाठी बंद हुती. उंदरं म्या दुसरीकडं हलवली, काटा आतच राहिला. तवा वजनं झालीच न्हाईत."

मी छापील निबंध मागवला. आलेखात रोजच्या वजनाचे ठिपके होते आणि मध्ये चार दिवस कोरे. प्रमुखांच्या वहीत मात्र त्या चारही दिवसांची वजनं होती, दशांशासकट! संस्थेच्या किल्ल्यांच्या नोंदवहीत ती खोली तेव्हा बंदच होती.

प्रमुखांना ठाण्यात बोलावलं. "सर, या चार दिवसांत वजनं कोणी घेतली?"

"मी. लिहिलंय ना?"

मी किल्ल्यांची नोंदवही उघडून समोर ठेवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तासाभराने त्यांनी कबुली दिली आणि आम्ही त्यांच्या कपाटातून बाईंची वही काढली. चहाचे डाग, तीन रंगांची शाई आणि चार दिवसांपुढे पेन्सिलीने एवढंच, 'खोली बंद.'

"हे बघूनही आपण आकडे भरलेत?" मला राहवलं नाही.

"कोरं ठेवलं असतं तर निष्काळजीपणा दिसला असता," ते पुटपुटले.

शनिवारी ती वही समितीपुढे गेली. बाईंची नोकरी राहिली, निबंधावरचं नावही राहिलं. पुढचं काम कोर्टाचं होतं.

खून, दरोडे खूप पाहिले. तरी जुन्या आठवणी निघाल्या की मन याच केसपाशी जाऊन बसतं. खरं काम करणाऱ्याला 'आज झालं नाही' असं लिहायला लाज वाटत नाही, हे मी तिथे शिकलो. त्यानंतर हाताखालच्यांच्या डायऱ्या तपासताना मी आधी कोऱ्या जागा बघायचो.

परवा बाईंनी नवा निबंध पाठवला. शेवटी आभारांत काकांचं नाव छापलंय. तो घेऊन मी मांजरीला गेलो. काका आता फार थकलेत. त्यांनी नावावरून हळूच बोट फिरवलं.

मग म्हणाले, "आन् साहेब, उंदरांचं नाव न्हाई घातलं व्हय?"

मी हसलो, पण डोळे भरून आले होते.