कल्याणचा पत्ता

या देशाच्या नागरिकाला देशात कोठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क आहे. मी हे दुसऱ्यांच्या अर्जांत इतक्या वेळा लिहिले आहे की ते मला पाठ आहे. माझ्या मुलीला हा हक्क कल्याणमध्ये आहे, ठाण्यात आहे, मुंबईतही आहे. आपल्या आईच्या घरात मात्र तो तिला नाही. हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही, म्हणूनच मी हे लिहीत आहे.

आमचे गाव शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर, मुरबाडच्या बाजूला आहे. परसात उभे राहिले की औद्योगिक वसाहतीतला धूर दिसतो. त्या वसाहतीतल्या एका औषधी कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी मुलगी तपासनीस आहे. घरापासून कारखाना अर्ध्या तासावर आहे. तरीही ती कल्याणला दोन मैत्रिणींबरोबर एका खोलीत भाड्याने राहत होती आणि अंधार असतानाच उठून कंपनीच्या बसने मुरबाडला येत होती. संध्याकाळी त्याच बसने, वाहनांच्या रांगेत धक्के खात, ती परत जात होती. कारखान्याच्या फाटकापासून एका बाजूला तिचे घर होते आणि ती रोज दुसऱ्या बाजूला जात होती.

कोणत्याही बापाने काढला असता तोच निष्कर्ष मी काढला. शहराचा वारा लागला आहे, असे मी ठरवून टाकले. ती रविवारी घरी आली की मी उलटतपासणी सुरू करी.

“तुला तिथं एवढं काय सोनं लागलंय?”

“बाबा, पहिली पाळी उजाडायच्या आत लागते. आपल्याकडून त्या वेळेला गाडी आहे का?”

हे तिचे म्हणणे मी तिचे निवेदन म्हणून स्वीकारले. गाडी नाही, एवढीच अडचण असेल तर ती अर्जाने दूर होते. मी तालुका न्यायालयात लिपिक म्हणून नोकरी केली आहे. अर्ज कोणाला करावा, प्रत कोणाला द्यावी आणि स्मरणपत्र कधी पाठवावे, हे मला शिकवावे लागत नाही. ग्रामपंचायतीचा ठराव घेतला, घरोघरी फिरून सह्या गोळा केल्या आणि एसटीच्या आगारात मी स्वतः जाऊन बसलो. अखेर पहाटेची मुरबाड गाडी मंजूर झाली. पहिल्या दिवशी मी चालक-वाहकांना हार घातले. आमच्या घरातून हसण्याचा आवाज आला.

“अवो, नवरदेव आलाय जनू!” बायको दारातून ओरडली.

मी त्याच सकाळी मुलीला फोन केला. गाडी सुरू झाली आहे, तू खोली सोड, असे सांगितले.

“बाबा, मला एकदा विचारायचं तरी होतंत,” एवढेच ती म्हणाली.

पुढच्या रविवारी ती आली आणि प्रथमच सगळे बोलली. त्या कारखान्यात आमच्या शहापूर-मुरबाड या दोन तालुक्यांतल्या माणसाला कायम करत नाहीत. स्थानिक माणूस बागेत चालतो, माल चढवायला चालतो, कँटीनमध्ये चालतो, पण ठेकेदाराचा म्हणून. प्रयोगशाळेत, कार्यालयात, कंपनीच्या पटावर तो नको. कामगार अधिकारी हसत हसत म्हणतो, “लोकल आला की त्याच्यामागे गाव येतं. भाताच्या आवणीला रजा, कुणाच्या हळदीला रजा, आणि काढलं की फाटकावर पन्नास माणसं.” मुलीचे शिक्षण कल्याणला झाले, आधारवरचा पत्ताही तिथलाच. मुलाखतीत तिने कल्याण सांगितले आणि गावाचा उल्लेख टाळला. पहाटेच्या गाडीतून ती गावाच्या माणसांबरोबर फाटकाशी उतरली असती, तर त्याच दिवशी तिच्यावर स्थानिक म्हणून शिक्का बसला असता.

मी कागद पुढे ओढला. ज्या गावांच्या जमिनींवर ही वसाहत उभी राहिली, त्यांनाच दार बंद? स्थानिकांना प्राधान्य द्यावे हे तर शासनाचे धोरण आहे!

“स्थानिक नको, हे कुठं लिहिलंय?” मी विचारले. “परिपत्रक आहे? सूचनाफलकावर आहे?”

“कुठंच नाय, बाबा. म्हणून तर चालतं.”

मी लेखणी खाली ठेवली. तक्रारीला पुरावा जोडावा लागतो, आणि जो हुकूम कोणी लिहिलाच नाही त्याची नक्कल मागायची कोणत्या कार्यालयात? शिवाय तक्रारीत अर्जदार म्हणून नाव कोणाचे येणार, हेही मला कळत होते. ती पहाटेची गाडी पुढे प्रवाशांअभावी बंद झाली. त्याविरुद्ध मी अपील केले नाही.

त्यानंतर तिची कायम होण्याची वेळ आली. कायम करण्याआधी कंपनी पत्त्याची खातरजमा करायला माणूस पाठवते. तो घर पाहतो, घरच्यांशी बोलतो. मुलगी खाली मान घालून म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही आणि आई कल्याणला या. तो विचारेल, तर इथलेच आहोत म्हणा.”

ज्या माणसाने नोकरीभर साक्षीदारांना ‘खरे सांगेन’ म्हणायला लावले, त्याला त्याची मुलगी हे सांगत होती. मी नकार दिला. अत्यंत कठोर शब्दांत दिला.

“तुमच्या खऱ्यानं पोरगी ठेकेदाराकडं झाडांना पानी घालंल,” बायको म्हणाली. “नका येऊ. मी जाते.”

मी गेलो.

मैत्रिणींना बाहेर पाठवले होते. बायकोने त्या परक्या गॅसवर तवा ठेवला होता, कारण घर चालते आहे असे दिसायला हवे. मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो होतो. तपासणीला आलेला माणूस तिशीचा, अदबशीर होता. खांद्यावरची बॅग न उतरवताच तो विचारू लागला.

“काका, इथं किती वर्षं?”

मी तोंड उघडण्यापूर्वीच ओट्याकडून उत्तर आले. “लय वर्सं झाली! आमी इथलीच. गावाला आमचं कोन नाय!”

त्याने मान वर केली. तव्याकडे पाहिले.

“मावशी, तांदळाची भाकर का?”

“मंग कसली असंल?”

तो समोरच्या खुर्चीत बसला आणि हसू लागला. “मावशी, मी बी मुरबाडकडचाच, टोकावड्याचा. हापिसात उल्हासनगर सांगून बसलोय.” मग माझ्याकडे वळला. “काका, घाबरू नका. कल्याणच लिवतो. पन मावशींना सांगा, दुसरा कोनी आला तर हिंदीतच बोला.”

बायको हसली, मुलगी हसली, त्याला गरम भाकर वाढली गेली. मी हसलो नाही. एका मुलुखात जन्मलेली चार माणसे एका खोलीत बसून आपला जन्म लपवत होती, आणि ज्याच्यापासून लपवत होती तो तेथे हजरही नव्हता. मी खोटे बोललो नाही, कारण मला बोलावेच लागले नाही. असे युक्तिवाद मी वकिलांच्या तोंडून पुष्कळ ऐकले आहेत. ते मला कधी पटले नव्हते.

मुलगी कायम झाली. म्हणजे ही नोकरी आहे तोवर ती घरी राहायला येणार नाही, हेही कायम झाले. आम्ही गावात पेढे वाटले नाहीत. आता सुटीला येते तीसुद्धा मुरबाडवरून नव्हे. रेल्वेने आसनगावला उतरून शहापूरमार्गे, लांबचा वळसा घालून येते, तोंडाला ओढणी बांधून.

माझा धाकटा भाऊ त्याच कारखान्याच्या फाटकातल्या बागेत ठेकेदारामार्फत काम करतो. कल्याणची बस येते तेव्हा तो नळी धरून उभा असतो. त्याची सख्खी पुतणी त्याच्यासमोरून आत जाते आणि तो झाडांकडे पाहतो. गावचे आणखी आठदहा जण तेथे आहेत. कोणी कोणाला बजावलेले नाही, पण सगळे झाडांकडेच पाहतात.

काम संपवून तो आमच्या ओटीवर येतो आणि बायको त्याच्या हातात चहा ठेवते. परवा तो म्हणाला, “वैनी, आज निळा ड्रेस व्हता. जरा सुकल्यावानी दिसली. खोकत व्हती.”

“अवो भावजी, मंग औषध घेतलंस का, इचारायचंत तरी!”

“कसं इचारू, वैनी?” तो म्हणाला. “मी तिला वळखत नाय ना.”