चूल मांडून प्लॉट पाहणारी बेबी

प्लॉट पाहायला लोक टेप घेऊन जातात. माझी बायको बेबी काड्या, माचिस आणि चहाचं भांडं घेऊन जायची. रिकाम्या जागेत दगड मांडायचे, चूल पेटवायची, चहा ठेवायचा आणि धूर कुणीकडे जातो ते पाहत बसायचं. चहाला उकळी येईपर्यंत कुणाशी बोलणं नाही.

"मावशी, प्लॉट पाहून राहिली का पार्टी करून राहिली?" एका प्लॉटवाल्यानं टोमणा मारला.

"तुमी नकाशा पाहा भाऊ, मी हवा पायतो."

"आता घरोघरी गॅस हाये. धूर कायचा?"

"आंघोळीचं पानी गॅसवर तापवाले तुमच्यासारका पैसा पायजे. घ्या, चहा घ्या."

प्याला त्यानं. दुसरा कपही मागितला.

मी सौंसरकडच्या बागांत संत्र्याच्या पेट्या भरायचो, ती कापूस वेचायला जायची. पांढुर्ण्यात किरायाच्या खोलीत राहायचो. मूलबाळ झालं नाही. बेबीला एकच ध्यास, स्वतःचं घर. "भिंतीत खिळा मारतो मनलं तं मालकीन छाती धरते बाप्पा," असं म्हणून हसायची, पण ते तिला लागायचं.

तिगाव रोडला एक लहानसा प्लॉट जमत आला होता. आमच्या ऐपतीत होता. बेबीनं चूल पेटवली. धूर सरळ शेजारच्या दारात गेला. तिथं पाळण्यातलं लेकरू खोकलायला लागलं. बेबीनं उकळता चहा चुलीवर ओतला आणि उठली.

"नाई घ्यायचा."

माझं डोकं फिरलं. भर रस्त्यावर ओरडलो, "अवं, मंग चूल दुसऱ्या कोपऱ्यात मांड!"

"जागा केवढी, त्याचे कोपरे केवढे? माह्या चुलीचा धूर त्या लेकराच्या नाकात मी नाई घालत."

मग पांढुर्णा जिल्हा झाला. साहेब लोक आले, त्यांना खोल्या पाहिजे, बंगले पाहिजे. काल ज्या वावरात कापूस उभा होता, तिथं गेट लागलं. प्लॉटचा भाव विचारला की प्लॉटवाला आधी आमच्या चपला पाहायचा. किरायाही वाढला. आम्ही खोली बदलली, पुन्हा बदलली, प्रत्येक वेळी स्टेशनपासून लांब. मी तिला टोचायचो, "पाज आता साऱ्या गावाले चहा."

पुढं तिला पोटाचं दुखणं लागलं. नागपूरच्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरीच ठेवा. घरी म्हणजे कुठं? मी हट्टाला पेटलो. ही जाण्याआधी हिला हिच्या घरात नेतो म्हटलं. फिरफिर फिरून एक विकाऊ खोली सापडली. पार शेवटच्या कॉलनीच्याही पलीकडे. आमचा पैसा तिथंच पुरत होता.

ऑटोत घालून तिला नेलं. चौकट धरून ती उभी राहिली. आत पाहिलं, मग बाहेर पाहिलं. आजूबाजूला घर नाही, दुकान नाही, नुसतं वावर.

"आवडली का?"

"खोली चांगली हाये. घेऊ नोका."

"जल्मभर घर घर केलं अन् आता नोको?"

"मी आता किती दिवसाची? मांगून तुमी इथं एकटे राहसान. अंगात ताप भरला तं दार कोन वाजवन? वरून तोंड असं फाटकं, इथं कुत्रंबी नाई येनार तुमच्याजवळ. तिकडं लोकाइले तुमची सवय तरी हाये."

मी चिडलो, रडलोही. तिनं ऐकलं नाही. ऑटोवाल्याला म्हणाली, "चाल रे भाऊ, उशीर होऊन राह्यला."

बेबीनं किरायाच्या खोलीतच जीव सोडला. मालकानं किराया पुन्हा वाढवला आहे. मी कुरकुर करतो आणि देतो. रोज सकाळी शेजारची सून भिंतीवर थाप मारते, "बाबाजी, उठले का?" मी इकडून हो म्हणतो. कधी कधी मुद्दाम गप्प राहतो. मग ती कणकेच्या हातानं धावत येते, मला पडलेला पाहून घाबरते, आणि मी डोळे उघडले की चांगली फडाफडा बोलते.

तेवढं ऐकून घेतो, मग उठतो.